जर्मनी की ब्रिटन: जातीय भेदभाव झाला तर कायदा कोठवर साथ देतो

सप्रेम जयभीम.

नागपूरहून नोकरीसाठी जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये येण्याचा तुमचा विचार आहे आणि भारतीय सहकाऱ्यांकडून जातीवरून त्रास झाला तर कोणता देश पाठीशी उभा राहील, असे तुम्ही विचारले आहे. मी जर्मनीत नोकरी करतो आणि हा प्रश्न मला अगदी जवळचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एक मूलभूत फरक आधी ध्यानात घ्या. आपल्याकडे संविधानाचे कलम १७ आणि १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा यांमुळे जातीय अत्याचार हा फौजदारी गुन्हा ठरतो. तपास करणे आणि खटला चालवणे हे सरकारचे काम असते. त्या कायद्याखालील आरोप न्यायालयात टिकवणे किती कठीण असते, हे खैरलांजीच्या निकालाने विदर्भाला दाखवले आहेच. या दोन्ही देशांत मात्र कामावरचा भेदभाव हा बहुतांशी दिवाणी दावा असतो आणि तो लढण्याचा भार तुमच्यावरच पडतो.

जात कायद्यात कोठे बसते, या बाबतीत ब्रिटन पुढे आहे. तेथील २०१० च्या समानता कायद्यात जातीवरून भेदभाव करण्यास थेट मनाई नाही. २०१३ मध्ये संसदेने तशी तरतूद करणे सरकारवर बंधनकारक केले, पण २०१८ मध्ये सरकारने ती करणार नसल्याचे जाहीर केले. तरीही २०१४ मध्ये रोजगार अपील न्यायाधिकरणाने, जात काही प्रकरणांत ‘वांशिक मूळ’ या संज्ञेत येऊ शकते, असा निर्णय दिला आणि वकिलांना आधार मिळाला. जर्मनीच्या राज्यघटनेचे तिसरे कलम जन्मकुळावरून भेद करण्यास मनाई करते. परंतु खासगी मालकाविरुद्ध उपयोगी पडणारा २००६ चा समान वागणूक कायदा वंश, वांशिक मूळ, धर्म अशी कारणे सांगतो, त्यांत ना जात आहे ना सामाजिक मूळ. म्हणजे येथे तुमच्या वकिलाला धर्माच्या किंवा वांशिक मुळाच्या आधारे बाजू मांडावी लागेल.

जर्मन कायद्याची एक बाजू मात्र भक्कम आहे: भेदभावाकडे बोट दाखवणारी लक्षणे तुम्ही पुराव्यासह मांडली, की नियमभंग झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. सहकारी त्रास देत असेल तर तो थांबवणे हेही मालकाचेच कर्तव्य आहे. पण मुदत फार छोटी आहे. अन्याय कळल्यापासून दोन महिन्यांच्या आत भरपाईची लेखी मागणी करावी लागते आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. शिवाय पहिल्या पायरीच्या कामगार न्यायालयात जिंकलात तरी वकिलाचे शुल्क तुमचे तुम्हालाच भरावे लागते, ही गोष्ट येणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

तरीही मला विचाराल तर मी जर्मनीच सुचवेन. तक्रार करण्याचा हक्क नोकरी गमावण्याच्या भीतीखाली दबून जातो, आणि ही भीती व्हिसाच्या अटींनुसार कमी-अधिक होते. ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा प्रायोजक मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर साधारणपणे ६० दिवसांत नवा प्रायोजक शोधावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, पहिल्या वर्षानंतर नोकरी बदलणे बरेच मोकळे आहे आणि मध्यम किंवा मोठ्या आस्थापनेत सहा महिने झाल्यावर बडतर्फीपासूनही संरक्षण मिळते. ब्रिटनमधला न्यायनिर्णय कितीही अनुकूल असला, तरी देश सोडावा लागण्याच्या धास्तीत असलेला माणूस त्याचा उपयोग करायला क्वचितच धजावतो.

जर्मनी निश्चित केलेत तर मुलाखतीतच कंपनीत कर्मचाऱ्यांनी निवडलेली कामगार परिषद, म्हणजे ‘बेट्रिब्सराट’, आहे का ते विचारा. आल्याबरोबर नोकरीविषयक वादांचा समावेश असलेला कायदेशीर खर्चाचा विमा घ्या, कारण तो लागू होण्यास साधारण तीन महिने जातात आणि आधी सुरू झालेल्या वादाचा खर्च त्यातून मिळत नाही.