डबा, दुर्बीण आणि सासरेबुवा

(थंडी पडली की या सदराकडे सहलींची पत्रं येतात. या अंकात त्यातली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राने जास्त जागा खाल्ली. ते पत्रच तसं होतं.)

प्रश्न : नमस्कार बाई. आम्ही डोंबिवलीचे. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाचचा, सासरे चौऱ्याहत्तर. त्यांचे गुडघे धरतात, पण "मी घरी बसतो, तुम्ही जा" म्हणणाऱ्यांतले ते नव्हेत. एका रविवारी कर्नाळ्याला जायचं घाटतंय. यजमान म्हणतात, किल्ला केल्याशिवाय कर्नाळा कसला! मला वाटतं, आमच्या घरच्या माणसांना एकत्र जमेल असं ते ठिकाणच नाही. काय करावं?

उत्तर : ताई, ठिकाण झकास आहे. किल्ला तेवढा या खेपेला सोडा.

किल्ल्याची वाट खड्या चढणीची आहे आणि उतरताना गुडघ्यांची जास्त परीक्षा घेते. वर जो अंगठ्यासारखा सुळका दिसतो, त्याच्या कपारींत आग्या मधमाश्यांची मोहोळं असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं यांतलं काही झालं आणि माश्या उठल्या, तर पाच वर्षांच्या पोराला घेऊन धावायला तिथे जागा नाही. यजमानांना मित्रांबरोबर वेगळ्या दिवशी पाठवा, पाठवताना अत्तर काढून घ्या. सासऱ्यांना किल्ल्याची गोष्ट खालूनच सांगता येईल. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि फडक्यांचं जन्मगाव शिरढोण तुम्हाला पनवेलहून येताना रस्त्यातच लागतं. तिथे गाडी थांबवा, म्हाताऱ्या माणसाचं तेवढ्यानेही समाधान होतं.

आता खालचं जंगल. कर्नाळा हे राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य, १९६८ सालचं. आधी फारच लहान होतं, पुढे वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या आसपास झालं. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो, त्यामुळे फाटक अगदी रस्त्यावर आहे आणि सासऱ्यांना गाडीतून उतरून फार चालायचं नाही. सात वाजता फाटकावर असा. म्हणजे घरून साडेपाचला निघणं आलं. नऊनंतर ट्रॅव्हलच्या बसगाड्या यायला लागतात, मोबाइलवर गाणी लागतात आणि पाखरं आत सरकतात. फाटकावर पिशव्या तपासतात, प्लास्टिक मोजून अनामत घेतात. त्यावर हुज्जत घालणारी माणसं मी पाहिली आहेत. स्टीलच्या बाटल्या न्या, प्रश्नच मिटला.

आत गेल्यावर बहुतेक कुटुंबं एकच गोष्ट करतात : चालत सुटतात. तास-दीड तास पाय आपटून परत येतात आणि म्हणतात, "पक्षी कुठेत?" जंगलातले पक्षी एकेकटे विखुरलेले कमी आणि टोळीने जास्त फिरतात. कोतवाल, निखार अशा वेगवेगळ्या जाती एकत्र झाडाझाडांतून सरकत जातात. एकाने उठवलेला किडा दुसऱ्याच्या चोचीत जातो. टोळी आली की पाच मिनिटांत डोळ्यांना पुरत नाही, गेली की पुढचा अर्धा तास शुकशुकाट. चालणारा माणूस या शुकशुकाटातूनच फिरत राहतो. बसणाऱ्याच्या डोक्यावरून टोळी एकदा तरी जातेच.

म्हणून घडीची खुर्ची न्या आणि सासऱ्यांना पायवाटेच्या सुरुवातीलाच, सावलीत, वर मोकळं झाड दिसेल असं बसवा. फेब्रुवारीत जाणार असाल तर फुललेला पांगारा किंवा काटेसावर शोधा. लाल फुलांतला मध प्यायला शिंजीर, साळुंक्या, कोतवाल आणि मध्य आशियातून आलेल्या भोरड्या अशी रीघ लागते. घरातला चालू न शकणारा माणूस दिवसाअखेर सगळ्यांत जास्त पक्षी सांगतो, हे मी शाळेच्या सहलींत वारंवार पाहिलं आहे. पायाने अधू असलेल्या मुलाची वही सगळ्यांत भरलेली असायची.

दुर्बीण एकच घ्या, आठ बाय बेचाळीसची. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहा-बारा पटीची गळ्यात घालायला बघेल. जितकी पट जास्त तितकं हाताचं कापणंही जास्त दिसतं, वय झालेल्या हाताला तर आठच बरी. ती सासऱ्यांकडे आणि मुलीकडे आलटूनपालटून असू द्या. मुलीला वही द्या, पण नावं पाठ करायला लावू नका. "शेपटीला दोन लांब तारा, टोकाला पिसाचे झुबके" एवढं तिने लिहिलं, तर तो पल्लवपुच्छ कोतवाल आहे हे घरी पुस्तकात सापडतं, आणि मग ती ते विसरत नाही.

पाच वर्षांच्या मुलाला दुर्बीण लावताच येत नाही. तो उलट्या बाजूने बघतो आणि खूश असतो. त्याला भिंग द्या. पायवाटेच्या कडेच्या मऊ, कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे बारीक खड्डे असतात. तळाशी मातीत दडून मुंगीसिंहाची अळी बसलेली असते. मुंगी घसरली की खालून माती उडवून तिला आणखी खाली पाडते. याच्यासमोर पोरगं अर्धा तास हलत नाही, आणि तेवढा वेळ तुम्हालाही बसायला मिळतो. (आईला बसायला मिळावं ही सहलीच्या बेतात सहसा कुणी न लिहिणारी बाब.) मुंगी मुद्दाम पकडून टाकायची नाही, एवढं त्याला आधी बजावा.

अकराच्या सुमाराला डबा खा आणि बाराला निघा. शिळफाट्याची संध्याकाळची कोंडी तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : बाई, आम्ही अलिबाग तालुक्यातले. मुंबईचे पाहुणे येणार आहेत. त्यांना अभयारण्यात नेऊन तिथेच पोपटी लावावी असा बेत आहे. मडक्यात भाजायच्या वालाच्या शेंगा, कोंबडी, मडकंसुद्धा, सगळं आपलंच. परवानगी कुठून काढायची?

उत्तर : कुठूनही काढू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि अभयारण्यात धोका होईल असा विस्तव करणं त्यात सरळ बंद आहे. जानेवारीत गवत वाळून खडखडीत झालेलं असतं, मडक्याभोवती रचलेल्या पेंढ्याची एक ठिणगी पुरते. वणव्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी, साप, सरडे आधी जातात, आणि पुढच्या वर्षी त्या उतारावर गवतच माजतं. पोपटीत घालायचा भांबुर्ड्याचा पालाही रानातून ओरबाडून आणू नका, बांधावर हवा तेवढा मिळतो. सकाळी पाहुण्यांना जंगल दाखवा, तिथे दशम्या आणि तिळाची चटणी खा. पोपटी संध्याकाळी आपल्या शेतात लावा, तिची खरी जागा तीच. शेंगा उकलताना मुंबईकरांना शेंगेतली अळी दिसली की वेगळंच वन्यजीवदर्शन होईल.

प्रश्न : पुण्याहून भिगवणला रोहित पक्षी बघायला दोन कुटुंबं जाणार आहोत. बरोबर चौदा महिन्यांचं बाळ आहे. कधी जावं? होडी सुरक्षित असते का? मागच्या वर्षी शेजारी गेले आणि त्यांना चारच पक्षी दिसले.

उत्तर : शेजाऱ्यांचं नशीब नव्हे, उजनी धरणाचं पाणी. रोहित चोच उलटी करून उथळ पाण्यातला चिखल गाळून खातो, त्यामुळे त्याला गुडघाभर पाणी आणि दलदल लागते. धरण तुडुंब असलं की दलदल पाण्याखाली आणि पक्षी दुसरीकडे. पाणी उतरायला लागलं की येतात. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरची घाई करू नका, फेब्रुवारी-मार्च बघा. निघण्याआधी कुंभारगाव किंवा डिकसळच्या होडीवाल्याला फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा. "पक्षी आहेत का?" असं विचाराल तर उत्तर "आहेत" असंच येणार.

होड्या मासेमारी करणाऱ्यांच्या आहेत, माणसं पाण्यात वाढलेली आहेत. तरी लाइफ जॅकेट मागा, आणि तुमच्या बाळाच्या मापाचं नसेल तर बाळाला होडीत नेऊ नका. दोन कुटुंबं आहात, तर आळीपाळीने जा. काठावर थांबणाऱ्यांनाही चित्रबलाक, राखी बगळे, नदी सुरय भरपूर दिसतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस तर बरेचदा काठाजवळच चरतात. होडीवाल्याला "अजून जवळ घ्या, उडवा" म्हणू नका. तो पैशांसाठी उडवेल, आणि खाणं सोडून उडालेला पक्षी दिवसभर तीच कसरत करत राहील. थव्यात करडे, मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नसतात. ती पिल्लं. गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात.

येताना चिलापी मासा खा. पाणी फारच उतरलेलं असेल तर भिगवणच्या पुढे पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर आलंय का तेही विचारा.

प्रश्न : मुलाला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्या बघायचाच आहे. कुठे उभं राहिल्यावर हमखास दिसेल?

उत्तर : पिंजऱ्यासमोर. रानातला बिबट्या दिवसा तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला नाही, आणि मुलाबरोबर असताना ते तसंच असलेलं बरं. त्याला कान्हेरीला न्या. शंभराहून जास्त लेणी आहेत, पण लेणी मोजू नका. कातळात कोरलेले पाण्याचे पाट शोधायला सांगा. पावसाचं पाणी उतारावरून पाटाने टाक्यात कसं नेलंय, हे बोट ठेवून त्याला स्वतःलाच काढता येतं. तीन नंबरचं चैत्यगृह तेवढं चुकवू नका. दहापर्यंत पोहोचा, पुढे कातळ तापतो. डबा उघडा हातात धरून फिरू नका, माकडं वाट बघत असतात. उद्यानाच्या तिकिटाशिवाय लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आणि सोमवारी जाऊ नका, उद्यान बंद असतं.