तळ्यावर जायचं की गणपती करायचा?

प्रिय मनू,

फ्रीजवर लावलेली तुझी चिठ्ठी वाचली. तू दोन प्रश्न विचारले आहेस. एक, एवढी मेहनत घेऊन केलेला गणपती दीड दिवसात बादलीत बुडवायचाच असेल, तर तो घरी का करायचा? आणि दुसरा, खरा प्रश्न: सुट्टीत बाबा माती घेऊन बसला की तळ्यावर कोण नेणार?

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण ते मातीनेच देऊन ठेवलंय. मातीच्या मूर्तीवर सलग आठ तास काम करताच येत नाही. मांडी आणि पोट झालं की त्यावर लगेच डोकं ठेवलं, तर ओलं पोट वजनाने खाली बसतं आणि मान आत जाते. खालचा भाग थोडा घट्ट व्हावा लागतो, म्हणजे अंगठा दाबला तर खूण उमटावी पण आकार हलू नये इतका. उन्हाळ्यात सावलीत त्याला तीन-चार तास लागतात. शेजारी बसून राहिलो म्हणून माती लवकर आवळत नाही. तेव्हा सकाळी सात ते नऊ काम, मग म्युनिकहून एस-बानने, म्हणजे लोकल गाडीने, श्टार्नबेर्गच्या तळ्यावर पोहायला, आणि संध्याकाळी आल्यावर पुढचा थर. दिवसभर परतणार नसू तर मूर्तीवर पातळ प्लास्टिक सैल टाकून जायचं, नाहीतर उलटंच होतं: माती इतकी सुकते की वरचा भाग नीट चिकटत नाही.

यंदाचा हिशोब बघ. गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबर २०२६ ला आहे. बायर्नची, म्हणजे आपल्या राज्यातली, शाळेची सुट्टीही त्याच दिवशी संपते. शेवटचे चार-पाच दिवस रंगाला आणि त्याआधी अडीच-तीन आठवडे वाळायला हवेत. म्हणजे घडणं १५-१६ ऑगस्टला उरकलं पाहिजे. १५ ला म्युनिकमध्ये सणाची सुट्टी असते, दुकानं बंद, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. काही आणायचं राहिलं तर दोन दिवस हातावर हात. म्हणून माती पहिल्याच आठवड्यात आणायची.

कुठली माती, हे महत्त्वाचं. आपल्याकडे पेणचे मूर्तिकार शाडूची माती वापरतात. इथे कुंभारकामाच्या दुकानातली दहा किलोची पिशवी घ्यायची. तिच्यावर शामोट किती ते लिहिलेलं असतं. शामोट म्हणजे भाजून दळलेली माती, ती असली की भेगा कमी पडतात. पण दाणा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठा नको, नाहीतर गालांवर खरखर येते. 'हवेत वाळणारी' म्हणून खेळण्यांच्या दुकानात मिळते ती घ्यायची नाही. तिच्यात बऱ्याचदा चिकटद्रव्य किंवा धागे असतात आणि ती पाण्यात नीट विरघळत नाही. शंका आली तर लिंबाएवढी गोळी करून पूर्ण वाळवायची आणि ग्लासभर पाण्यात टाकायची. चांगली माती थोड्याच वेळात फसफसून ढासळते.

पंधरा सेंटिमीटरच्या मूर्तीला दोन किलो पुरते, आणि त्यातली थोडी उरते. मूर्तीखालचा मातीचा पाट अकरा बाय आठ सेंटिमीटर, दीड सेंटिमीटर जाड. पाटाखाली वर्तमानपत्र हवंच. माती वाळताना साधारण पाच-सहा टक्के आक्रसते. खालच्या लाकडी फळीला चिकटून राहिली तर तिला सरकता येत नाही आणि तळाला आडवी भेग जाते. पाटानंतर मांडी, पोट, छाती, डोकं, सोंड, कान, हात आणि शेवटी मुकुट. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी सुईने ओरखडे काढायचे, मध्ये मातीची दाट राबडी लावायची, आणि दाबून थोडं हलवायचं. नुसतं पाणी लावून चिकटवलेला हात वाळल्यावर हमखास गळतो.

सगळ्यात जास्त त्रास सोंड देते. ती पातळ, म्हणून डोक्याच्या आधी वाळते, आधी आक्रसते आणि मुळाशी तुटते. उपाय दोन. सोंड हवेत लोंबती ठेवायची नाही, पोटावर किंवा हातातल्या मोदकावर टेकवायची. आणि पहिले दोन दिवस तिच्यावर व कानांच्या कडांवर ओल्या सुती कापडाची पट्टी ठेवायची. आत तार किंवा काडी घालायचा मोह होतो. घालायची नाही, कारण माती आक्रसते आणि तार आक्रसत नाही, म्हणजे भेग आपणच पेरली. सोंड डावीकडे वळवायची. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक मानतात, ते आपल्याला झेपणारं नाही.

दुसऱ्या दिवशी मूर्ती मऊ टॉवेलवर पाठीवर निजवून खालून चमच्याने पोकळ करायची. भिंत दीड-दोन सेंटिमीटर ठेवायची. जाडी सगळीकडे सारखी असली की वाळणंही सारखं होतं. मग तीन-चार दिवस सैल प्लास्टिकखाली, नंतर उघडी, जाळीवर, केलरमध्ये, म्हणजे तळघरात. बाल्कनीतल्या उन्हात किंवा ओव्हनमध्ये घाई केली की वरचं कवच आधी आवळतं आणि फुटतं. वाळली का हे गाल लावून कळतं: गार लागली तर आत ओल आहे. त्याहून पक्कं म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं की झालं. कुठे खरखरीत राहिलं तर ओल्या स्पंजने पुसायचं, कोरडं घासायचं नाही, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

आता कामं वाटून घेऊ, कारण 'बाबाला मदत' म्हणून नुसती माती चिवडायला देणं मला पटत नाही. उंदीर तुझा, मोदक तुझे, दागिने तुझे. चहाच्या गाळण्यातून माती दाबली की उंदरावर लावायला बारीक केस निघतात. राबडी ढवळणं आणि झाकणं-उघडणं हेही तुझ्याकडे, आणि ते विसरलं तर मूर्ती जाते, तेव्हा ते छोटं काम समजू नकोस. शिवाय तुझा स्वतःचा गणपती, तीनशे ग्रॅमचा. त्याला मी हात लावणार नाही. एक कान मोठा झाला तरी नाही, तू विचारल्याशिवाय सल्लाही नाही.

चेहरा घडवताना आणि डोळ्यांच्या आखणीला मात्र मला एकट्याला बसू दे. गणपतीच्या कारखान्यातसुद्धा आखणी सरावलेल्या हाताकडेच असते. कोरड्या मातीवर ब्रश एकदाच फिरवायचा असतो. दुसऱ्यांदा फिरवला की खालची माती सुटून रंगात मिसळते. आधी पांढरा, मग बुबुळ, शेवटी वरच्या पापणीची रेघ. नजर किंचित खाली, समोर बसणाऱ्याकडे. तेवढा वेळ कोणी 'बाबा' म्हटलं तर मी वळणार, आणि रेघ चुकणार. तो वेळ आईशी आधीच ठरवून घेऊ. रंग पोस्टरचेच. अॅक्रिलिक लावलं की वर प्लास्टिकचं कातडं तयार होतं, आणि विसर्जनात तेच तुकडे होऊन तरंगतं.

आता विसर्जनाचं. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच असते, घरातली कोणतीही वस्तू असते तशी. मंत्र म्हणून देवाला त्यात बोलावतो, म्हणून त्यानंतर मूर्ती हलवायची नाही. दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा करून अक्षता टाकतो, हातावर दही ठेवतो आणि मूर्ती जागेवरून जराशी सरकवतो. पाहुण्याला निरोप दिला. मागे उरते ती माती, आणि ती जिथून आली तिथे जाते. बुडवायची म्हणून ती वाया गेली असं नाही, बुडावी म्हणूनच ती मातीची करतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचा गणपती पाण्यात नुसता पडून राहतो. कोकणात लोक आपापला लाकडी पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात त्या कारखान्यात, देतात, त्यावर मूर्ती करून मिळते, आणि घरातल्या त्या मूर्तीवर करणाऱ्याची सही नसते. तेव्हा विकतचा आणला तर चूक काही नाही. भारतातही बहुतेक घरांत तसाच येतो. घरी करायचा तो मला करायला आवडतो म्हणून, हे सरळच सांगतो.

आपलं विसर्जन मंगळवारी, म्हणजे तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी. संध्याकाळी करू. इझार नदीत नाही, बारा लिटरच्या बादलीत, फुलं-हार काढून. मूर्ती पूर्ण बुडली पाहिजे आणि ढवळायचं नाही. गंमत म्हणजे खडखडीत वाळलेली माती लवकर विरघळते आणि ओलसर राहिलेली तशीच गोळा होऊन बसते. वाळवण्याची एवढी काटेकोर काळजी त्यासाठीही. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी झाडांना. बेसिनमध्ये ओतायचं नाही, नळी तुंबेल. खालचा गाळ जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात भरून टांगला की काही दिवसांत मळण्याजोगी माती परत मिळते. झाकणाच्या डब्यात ठेवू, पुढच्या वर्षी दहा किलो आणायला नको.

आणि हो, उंदराची शेपटी शेवटी लाव, पाठीला चिकटवून. सुटी ठेवलीस तर वाळताना तुटेल.

तुझा,
बाबा