शाळेत एकटं चालत पाठवायचं, पण पोटात गोळा येतो

“मॅडम, शाळा जेमतेम एक किलोमीटरवर. पण त्याला एकटं सोडायचं म्हटलं की पोटात गोळाच येतो.” पुण्यातल्या एका सहावीतल्या मुलाच्या आईची ही तक्रार. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा चालत जायला एका पायावर तयार, सोसायटीतली आणखी दोघं त्याच शाळेत, तरी आई रोज स्कूटरवरून फाटकापर्यंत.

‘काही होत नाही हो’ हा दिलासा पेपरातल्या पुढच्या बातमीपर्यंतच पुरतो. म्हणून त्यांना कागदावर रस्ता काढायला आणि भीती वाटते तिथे फुली मारायला सांगितलं. फुल्या दोनच पडल्या: सिग्नल नसलेला चौक आणि शाळेचं फाटक. फाटकापाशी धोका कुणाचा? मुलांना सोडायला आलेल्या गाड्यांचाच. त्यांना हसू आलं.

मग पायऱ्या ठरल्या. पहिला आठवडा सोबत चालायचं, पण रस्ता कधी ओलांडायचा ते मुलगा ठरवणार. नंतर दहा पावलं मागून. मग फक्त चौकापर्यंत. शेवटी तिघं मिळून, घरापासून.

अडलं ते चौकात. ‘लांब आहे’ म्हणताना मुलं अंतर मोजतात, वेग नाही. या वयात वेगाचा अंदाज अजून कच्चाच असतो. त्यामुळे ‘गाडी लांब असेल तर जा’ ही सूचना कुचकामी. रस्ता रिकामा होईपर्यंत किंवा गाडी पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. कडेला गाड्या लावलेल्या असतील तर त्यांच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबायचं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचं. पावसात रेनकोटची टोपी बाजूचं दिसू देत नाही, तेव्हा मान जास्त वळवायची. एकदा आई पलीकडे उभी राहून “ये” म्हणाली आणि मुलगा तिच्याकडे बघत थेट निघाला. तेव्हा पलीकडून हाक बंद. ती पायरी आठवडाभर पुन्हा.

बाबांचं म्हणणं, आठवीत स्कूटरच देऊ. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सांगितल्यावर विषय मिटला. मुलाला हवी होती सायकल. ती ‘वाढत्या अंगाची’ घेऊ नये; सीटवर बसून दोन्ही चवडे टेकायला हवेत. आधी मैदानावर एका हाताने चालवत मागे वळून बघायचं. तेवढ्यात सायकल वाकडी गेली, तर तिला रस्ता दाखवायची वेळ आलेली नाही.