फँटसी फुटबॉलमध्ये दर आठवड्याला नवा टाइट एंड कसा निवडावा?

अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा कागदावर संघ लावायच्या खेळात, ऑफिसातल्या १२ जणांच्या लीगमध्ये, तुम्ही पहिल्यांदाच खेळताय. ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोसमाआधी आळीपाळीने खेळाडू निवडताना, चांगले टाइट एंड (अडवणं आणि पास झेलणं अशी दोन्ही कामं करणारा खेळाडू) इतरांनी नेले, आणि आता दर आठवड्याला वेव्हरवरून, म्हणजे कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीतून, कुणाला उचलावं हे कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मागच्या रविवारी ज्याने दोन टचडाउन केले, म्हणजे चेंडू दोनदा समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेला, त्याला घ्यावं का, हेही विचारलंय. मी न्यू जर्सीत गेली अकरा वर्षं अशाच एका लीगमध्ये खेळतोय आणि त्यातली बहुतेक वर्षं कायमचा टाइट एंड न ठेवताच काढली आहेत. दोन टचडाउनवाल्याचं आधी सांगतो: तेवढ्या एका कारणासाठी घेऊ नका.

ही जागा अवघड का, ते क्रिकेटवरून पटकन कळेल. ड्रीम इलेव्हनमध्ये संघ लावताना आपण सलामीला येणारा विकेटकीपर शोधतो. सातव्या क्रमांकावर येणारा कीपर कितीही गुणी असला तरी त्याच्या वाट्याला चेंडूच येत नाहीत. टाइट एंडचं तसंच आहे. तो रांगेत टॅकल नावाच्या अडवणाऱ्या खेळाडूच्या शेजारी उभा राहतो, आणि खेळी (चेंडू एकदा सुरू होऊन थांबेपर्यंतचा खेळ) सुरू झाली की एक तर समोरच्याला अडवतो किंवा पास घ्यायला धावतो. अडवण्याचे गुण फँटसीत शून्य. म्हणून माझा पहिला प्रश्न कायम हाच असतो: संघ पास टाकतो तेव्हा हा माणूस किती वेळा धावतो? या धावण्याला 'रूट' म्हणतात. पासच्या १०० खेळींपैकी ७० किंवा जास्त वेळा जो रूट धावतो, तोच माझ्या यादीत येतो. ही रेघ मी माझ्या अनुभवावरून ओढली आहे.

नुसते स्नॅप पाहून फसू नका. स्नॅप म्हणजे मैदानावर किती खेळींना होता तो आकडा. तो सगळीकडे फुकट मिळतो, म्हणून सगळे तोच बघतात. पण एखादा टाइट एंड ८० टक्के स्नॅप खेळून त्यातला निम्मा वेळ ब्लॉक करत असू शकतो. रूटचा आकडा मिळत नसेल तर टार्गेट पाहा, म्हणजे त्याच्या दिशेने किती पास टाकले. सलग तीन आठवडे पाच-सहा टार्गेट मिळत असतील तर तो माणूस कामाचा. एका आठवड्यात नऊ आणि पुढच्यात एक, असं असेल तर थांबा.

आता टचडाउनबद्दल. २०२० मध्ये ग्रीन बे पॅकर्सच्या टाइट एंड रॉबर्ट टॉन्यनने ५२ झेल, ५८६ यार्ड (झेलून चेंडू पुढे नेलेलं अंतर) आणि ११ टचडाउन केले. झेलाला एक गुण, दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा, या हिशेबाने १७६.६ गुण होतात, आणि त्यातले ६६ एकट्या टचडाउनचे. पुढच्या वर्षी तो दुखापतीने अर्ध्यात बाहेर गेला हे खरं, पण तोवरही टचडाउन दोनच होते. उलट उदाहरण २०२४ चं. ॲरिझोनाच्या ट्रे मॅकब्राइडने १११ झेल आणि ११४६ यार्ड केले, आणि पास झेलून केलेला त्याचा पहिला टचडाउन आला थेट १७व्या आठवड्यात! तरीही तो त्या वर्षी या जागेवरच्या सगळ्यात भरवशाच्या खेळाडूंपैकी होता, कारण झेल आणि यार्ड दर रविवारी येत होते. टचडाउन येतो आणि जातो, टार्गेट टिकतं. निवड करताना मी टचडाउनचा रकाना हाताने झाकून बाकीचे आकडे वाचतो. तुम्हीही करून पाहा.

मग प्रतिस्पर्धी. नवीन माणूस इथूनच सुरुवात करतो, मी मात्र तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. २०१९ च्या पहिल्याच आठवड्यात डेट्रॉइट लायन्सच्या टी. जे. हॉकन्सनने पदार्पणात ॲरिझोना कार्डिनल्सविरुद्ध ६ झेल, १३१ यार्ड आणि एक टचडाउन केला. २५.१ गुण! आमच्या लीगमध्ये त्या मंगळवारी त्याच्यावर केवढी झुंबड उडाली होती. दुसऱ्या आठवड्यात त्याने केले एक झेल आणि ७ यार्ड, म्हणजे १.७ गुण. त्या अख्ख्या मोसमात त्याचे ३६७ यार्ड झाले, त्यातले १३१ त्या एका दुपारचे. पुढे हळूहळू लक्षात आलं की उदार होता तो कार्डिनल्सचा बचाव. त्या वर्षी टाइट एंडांना सगळ्यात जास्त गुण त्यांनीच दिले, आणि ज्यांनी दर आठवड्याला कार्डिनल्ससमोरचा टाइट एंड लावला त्यांचं वर्ष चांगलं गेलं. एका आठवड्याच्या गुणांनी फसू नका आणि प्रतिस्पर्धी पाहा, या दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणात आहेत म्हणून मला ते फार आवडतं.

पण 'या संघाने टाइट एंडांना इतके गुण दिले' हा तक्ता वाचताना, ते गुण कोणी घेतले तेही पाहा. पहिल्या चार सामन्यांत एखाद्या बचावासमोर केल्सी आणि किटल यांच्यासारखे बडे टाइट एंड येऊन गेले असतील तर आकडा फुगणारच. पाचव्या-सहाव्या आठवड्याआधी या तक्त्याला मी फारशी किंमत देत नाही.

त्यापेक्षा सट्टेबाजांचा आकडा उपयोगी. पैसे लावायला सांगत नाहीये, फक्त वाचायला. सामन्यात एकूण ४८ गुण होतील आणि एक संघ ४ ने जिंकेल असा अंदाज असेल, तर त्या संघाचे २६ आणि दुसऱ्याचे २२. दोन टाइट एंड सारखेच वाटत असतील तर २६ वाला घ्या. जास्त गुण करणारा संघ शेवटच्या २० यार्डांत जास्त वेळा पोचतो, आणि टाइट एंडचे टचडाउन बहुतेक तिथेच होतात.

आता आठवडा कसा चालवायचा ते. बुधवारी वेव्हर उघडतो तेव्हा मोसमभराच्या बोलींसाठी मिळणाऱ्या १०० डॉलरच्या बजेटमधले एक-दोन डॉलर लावा. या जागेवर मोठी रक्कम घालवली की ऑक्टोबरमध्ये एखादा रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन धावणारा) जखमी होतो तेव्हा हात रिकामे राहतात. बुधवार ते शुक्रवार सरावाचे अहवाल येतात, त्यात मुख्य टाइट एंड तिन्ही दिवस सरावाला नसेल तर त्याच्या जागी कोण रूट धावतोय ते शोधा. अशा वेळी फुकटात चांगला माणूस मिळतो. रविवारी सामन्याच्या ९० मिनिटं आधी न खेळणाऱ्यांची यादी लागते, म्हणजे एकच्या सामन्यासाठी साडेअकराला. मुलीची मराठी शाळा रविवारी सकाळी असते, त्यामुळे मी ती यादी वर्षानुवर्षं शाळेच्या पार्किंगमध्येच पाहत आलोय. एक वर्षी गणपतीच्या आरतीत गुंतलो आणि यादी पाहायची राहिली. माझा टाइट एंड त्या दिवशी खेळलाच नाही, आणि सामना मी तीन गुणांनी हरलो. ते अजून सलतं. तुमचा माणूस 'क्वेश्चनेबल' असेल, म्हणजे खेळेल की नाही याची शंका असेल, आणि त्याचा सामना सोमवारी रात्री असेल, तर सोमवारीच खेळणारा दुसरा एक जण बेंचवर ठेवा, कारण तोवर रविवारचे सगळे कुलूपबंद झालेले असतात, सामना सुरू झाला की त्या खेळाडूला संघात घेता येत नाही.

एक सवय मात्र लवकर लावून घ्या. रविवारी सकाळी बेंचवरची शेवटची जागा रिकामी करून पुढच्या आठवड्याचा टाइट एंड तेव्हाच उचला. वेळापत्रक मे महिन्यातच जाहीर झालेलं असतं, त्यामुळे पुढे कोण कुणाशी आहे हे आधीच दिसतं. बुधवारी बाकीचे ११ जण ज्याच्यावर बोली लावतील तो तुमच्याकडे आधीच असेल.

आणि दर आठवड्याला बदललंच पाहिजे असा नियम नाही. २०२४ मध्ये मायामीच्या जोनू स्मिथला बहुतेक लीगमध्ये ड्राफ्टला कुणी विचारलंही नव्हतं. त्याने ८८ झेल, ८८४ यार्ड आणि ८ टचडाउन केले. ज्यांनी त्याला एका आठवड्यापुरता घेतला आणि पुढच्या आठवड्यात प्रतिस्पर्धी कठीण म्हणून सोडून दिला, त्यांना तो परत मिळाला नाही. २०२२ मध्ये ट्रॅव्हिस केल्सीने दुसऱ्या क्रमांकाच्या टाइट एंडपेक्षा सुमारे १०० गुण जास्त केले होते, असा माणूस वेव्हरवर येणार नाही. पण सलग तीन आठवडे ७० टक्क्यांवर रूट आणि सहा टार्गेट देणारा सापडला, तर त्याला धरून ठेवा, बचाव कुणाचाही असो.

तुमच्या लीगमध्ये झेलाला पूर्ण गुण आहे की अर्धा, आणि सध्या वेव्हरवर कोण कोण उरलंय, हे खाली लिहा. मंगळवारी रात्रीपर्यंत लिहिलंत तर बोली लावायच्या आधी नावं बघून सांगतो.