नाशिकमधला आमचा डेथ मेटल बँड ड्रमर गेल्यावर दोघांवर चालेल का? नाव बदलावं का?

चालेल, आणि नावही बदलू नका. ड्रम कॉम्प्युटरवर प्रोग्राम करा. फ्लोरिडाच्या 'डेथ' या बँडचे १९८७ ते १९९८ मधले सातही अल्बम वेगवेगळ्या संचाने वाजवलेत, कायम होता तो फक्त गाणी रचणारा गिटारवादक-गायक चक शुल्डिनर. म्हणजे गाणी रचणारा टिकला की बँड टिकतो. प्रोग्राम करताना सगळे ठोके १२७ व्हेलॉसिटीवर (ठोक्याचा जोर, १२७ म्हणजे सर्वांत जास्त) ठेवलेत तर शिलाई मशीन वाजेल. ब्लास्ट बीटमधला (अतिवेगवान सलग ठोक्यांच्या तालातला) स्नेअर ड्रम ९५ ते ११० मध्ये खालीवर करा, आणि एका क्षणी हातांचे दोनच ठोके, तिसरा हात कुणालाच नसतो.

स्टेजवर ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज वेगवेगळ्या आउटपुटवर देणारा डबा) वापरा: आउटपुट १ वरून क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक, तुमच्या कानात, २ वरून ड्रम मिक्सरला. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून साधी वायर मिक्सरला दिलीत की टिकटिक सगळ्या हॉलला ऐकू जाते (हे हमखास होतं).

नवा ड्रमर ढोल पथकांत शोधायला हरकत नाही, ताशावाल्याचं मनगट तयारच असतं. फक्त डबल पेडलला (दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवायच्या पेडलला) पाय बसायला काही महिने द्यावे लागतील. आणि जुन्या ड्रमरने चाली रचायला हातभार लावला असेल, तर रिलीजआधी श्रेय लेखी ठरवून घ्या.