दम्यात ऑक्सिमीटरवर 95 दिसत असूनही धाप का लागते?

चेंबूरमध्ये राहणाऱ्या आपल्या आईंना हिवाळ्यातील धुरक्यात दम्याचा झटका आला तेव्हा ऑक्सिमीटरवर 95 दिसत होते, मग धाप कशामुळे लागली, असे आपण विचारले आहे. धाप केवळ ऑक्सिजन घटल्याने लागत नाही. आकसलेल्या श्वासनलिकांतून हवा ओढताना स्नायूंवर पडणारा ताण मेंदूला बहुधा आधीच जाणवतो. रक्तातील ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात ते मानेतील धमनी जेथे दुभागते तेथील चिमुकले कॅरोटिड पिंड (या क्षेत्रातील संशोधनासाठी कोर्नेल हेमान्स यांना 1938 चे नोबेल मिळाले), परंतु ऑक्सिजनचा दाब (हे मोजमाप ऑक्सिमीटरवरील टक्क्यांहून वेगळे) पाऱ्याच्या साधारण 60 मिलिमीटरखाली गेल्यावरच ते मेंदूतील श्वसनकेंद्राला जोराने चेतवतात. दरम्यान, हवा न पोहोचणाऱ्या भागातील रक्तवाहिन्या आकसून रक्त हवेशीर भागाकडे वळते आणि आकडा काही काळ टिकतो.

वेगवान श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड सुरुवातीला घटतो. झटका ओसरलेला नसताना तो पुन्हा सामान्य पातळीवर येणे मला अधिक चिंताजनक वाटते, कारण रुग्ण थकत चालल्याची ती खूण असते. काही रुग्णांत तर धापेची जाणीवच बोथट असते. इनहेलरने आराम पडत नसेल किंवा एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर आकडा घसरण्याची वाट न पाहता 108 ला फोन करावा.