ती काय करणार नाही, ते आधी शोधा

एका हिंदी गुन्हेमालिकेच्या एका भागात मी नुकतंच खुनी बाईचं काम केलं. लालबागच्या चाळीत खानावळ चालवणारी, पन्नाशी उलटलेली बाई. राहती खोली बळकावायला आलेल्या घरमालकाच्या पुतण्याचा ती खून करते. आजवर तुम्ही मला आई, आत्या, फार तर खाष्ट सासू म्हणून पाहिलंत, त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं त्याच भागाबद्दल आहेत. काहींना इथे उत्तर देते. पत्रलेखकांची नावं छापत नाही.

ताई, आमच्या घरात सासूबाईंपासून डबे करतात. तुमचं काम चांगलं झालं, पण बघताना वाईट वाटलं. लोक आमच्या भरवशावर जेवतात. खानावळवालीच खुनी दाखवायची काय गरज होती? (परळ)

तुमचं पत्र सगळ्यात आधी घेते, कारण संहिता हातात आली तेव्हा मीही इथेच अडखळले होते. मूळ संहितेत ही बाई त्या पुतण्याच्या डब्यात विष घालते, असं होतं. मी दिग्दर्शकांना म्हटलं, ही बाई खून करेल, पण अन्नात विष कालवणार नाही.

गिरणगावातल्या खानावळी मी लहानपणी जवळून पाहिल्या आहेत. गावी बायकापोरं ठेवून आलेले गिरणीकामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचे. कुणी रात्रपाळीचा असला तर त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. पगाराच्या दिवशी हिशेब. या बायांना बँक दारात उभी करत नसे, किराणा भरायचा तर सावकाराचं व्याज डोक्यावर. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच, आणि त्यानंतर बँकेचं कर्ज या बायांच्या स्वतःच्या नावावर मिळू लागलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरण्या बंद पडल्या, माणसं गावाकडे गेली, आणि आमच्या गल्लीतल्या खानावळींची उधारी वहीतच राहिली. तरीही जे मागे उरले त्यांना ताट वाढणं त्या बायांनी थांबवलं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अशी बाई ताटात विष वाढेल? तिचा तोल गेला तर हाताशी असेल ते उचलेल. आणि तिच्या हाताशी असतो वरवंटा. लेखकांना हे पटलं आणि त्यांनी तो प्रसंग बदलून दिला. त्यांचे आभार मी सेटवर मानले होते, इथेही मानते.

राहिला तुमचा प्रश्न. डॉक्टर, शिक्षक, वकील, पुजारी, सगळे आजवर गुन्हेगार म्हणून दाखवले गेले आहेत आणि दाखवले जाणार. खानावळवाली तेवढी वगळा, असं मी म्हणणार नाही. तीही राग, भीती, हाव असलेलं माणूसच आहे. मात्र तुमच्या हातच्या अन्नावर लोकांचा जो विश्वास आहे, त्यालाच हत्यार करायला मी तयार नव्हते. अटक होते तेव्हा ती हवालदाराला म्हणते, "गॅस बंद करा, डाळ लागेल." ते वाक्य माझं आहे, आणि तुमच्यासारख्या बायांना ओळखते म्हणून ते मला सुचलं. पुन्हा कधी हा भाग लागला तर तेवढं नक्की ऐका.

मी बँकेत नोकरी करतो. आंतरबँक एकांकिका स्पर्धेत खलनायक म्हणून मला बक्षिसं मिळाली आहेत. परवा एका मालिकेत एपिसोडिक, म्हणजे एका भागापुरतं, काम मिळालं, पण दिग्दर्शक सारखे "कमी करा, कमी करा" म्हणत होते. कमी करायचं म्हणजे नेमकं काय? (बोरिवली)

आवाज आणि हातवारे तर कमी करायचेच, ते तुम्हाला कळलंच असेल. दामोदर नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसावं म्हणून आपण भुवई उचलायला शिकलेलो असतो, आणि क्लोजमध्ये, म्हणजे कॅमेरा चेहऱ्याजवळ आला की, तीच भुवई अख्खा पडदा व्यापते. पण खरं कमी करायचं असतं ते खलनायकपण. तासाभराच्या भागात जाहिराती वजा जाता पंचेचाळीसेक मिनिटं हातात असतात. तीन-चार संशयित असतात आणि घरी बसलेला माणूस पहिल्या ब्रेकपासून चेहरे तपासत असतो. तुम्ही एन्ट्रीलाच डोळे बारीक केलेत तर गोष्ट तिथेच संपली. संशय वाढवायला पार्श्वसंगीत आहे, संकलन आहे. आपण त्या घरातलं एक साधं माणूस व्हायचं आणि हाताला खरं काम द्यायचं.

चौकशीच्या प्रसंगात मी मेथी निवडते आहे. मेथी मीच मागून घेतली. प्रॉपवाल्या दादांनी सकाळी ताज्या जुड्या आणल्या, दिव्यांखाली दुपारपर्यंत त्यांनी माना टाकल्या, पुन्हा नव्या आणाव्या लागल्या. इन्स्पेक्टर विचारतो, "त्या रात्री तुम्ही कुठे होतात?" मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये, "रात्री" या शब्दावर मी काडी मोडली. मग सजेशनमध्ये, म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये, दोघांच्या क्लोजमध्ये, दर टेकला त्याच शब्दावर काडी मोडायची, नाहीतर संकलकाला कट जुळत नाही. कंटिन्युइटी सांभाळणारा मुलगा दर वेळी मोबाइलवरचा फोटो पाहून ताटातल्या पानांचा ढीग तेवढाच करून द्यायचा. एका टेकमध्ये हाताला पिवळं पान लागलं. मी ते बाजूला टाकलं आणि मग उत्तर दिलं. दिग्दर्शकांनी तोच टेक ठेवला. बाई खोटं बोलते आहे हे तेवढ्या थांबण्यात आलं. तुमच्या दिग्दर्शकांना बहुधा असंच काही हवं असणार.

आणखी एक, जे नाटकवाल्यांना फार छळतं: चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही, लोकेशनच्या क्रमाने होतं. माझी अटक आधी झाली, खून नंतर, आणि पुतण्याशी पहिली भेट सगळ्यात शेवटी, तीही मढच्या एका बंगल्याच्या मागच्या पडवीत, जिला कलादिग्दर्शकांनी चाळीची गॅलरी करून टाकलं होतं. म्हणून वहीत प्रत्येक प्रसंगापुढे लिहून ठेवा: या क्षणी मला काय माहीत आहे आणि पोलिसांना काय माहीत आहे, असं मला वाटतं. सीन नंबर मागेपुढे झाले तरी ही वही तुम्हाला सोडणार नाही.

नोकरी सोडू का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. इतक्यात नको. शिवाजी साटम बँकेत नोकरी करतच रंगभूमीवर आले. दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांच्या मराठी 'एक शून्य शून्य'मध्ये आपण त्यांना पाहिलं, आणि जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेली 'सीआयडी' तर २०१८ पर्यंत चालली, डिसेंबर २०२४ ला परत आली. अशा मालिकांना सतत नवे संशयित, नवे खुनी लागतात. एका-दोन दिवसांचं काम रजा टाकून करता येतं.

मी सातवीत आहे. वरवंटा खरा होता का? आणि रक्त? (चेंबूर)

बाळा, वरवंटे दोन होते. चटणी वाटताना दिसतो तो खरा, दगडाचा. मारताना हातात असतो तो फोमचा, वरून रंग दिलेला, आणि तोही पुतण्याचं काम करणाऱ्या दादाला लागलाच नाही. कॅमेरा अशा कोनात असतो की मधलं अंतर दिसत नाही. मी हात खाली आणते, तो पडतो, आवाज नंतर जोडतात. अवघड काम वेगळंच होतं. हलकी वस्तू जड आहे असं मनगटाने दाखवायचं. त्यासाठी मी घरी रोज खऱ्या वरवंट्यावर खोबरं वाटत होते, म्हणजे उचलताना खांदा कुठे खाली जातो ते अंगात बसतं. रक्त म्हणजे साखरेच्या पाकासारखं घट्ट द्रावण आणि खायचा रंग. ते चिकट असतं, माश्या येतात, आणि साडीला लागलं की कॉस्च्युमवाल्या ताई दुसरी तशीच साडी घेऊन उभ्याच असतात.

मुलाला पहिल्यांदाच काम मिळालंय, आणि तेही मुलीचा पाठलाग करून तिला मारणाऱ्याचं. नातेवाईक म्हणतात, उद्या लग्नाचं बघायचंय, लोक काय म्हणतील? करू द्यावं का? (डोंबिवली)

जरूर करू द्या. निळू फुले पडद्यावर आले की गावोगावच्या बाया त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. प्रत्यक्षात तो राष्ट्र सेवा दलात घडलेला, आयुष्यभर चळवळीतल्या माणसांसोबत उभा राहिलेला गृहस्थ. 'अर्धसत्य'मध्ये सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी पाहून अंगावर काटा आला होता, आणि नगरहून आलेला हा नाटकवाला त्या एका भूमिकेने देशभर माहीत झाला. जे नातेवाईक एका भागावरून तुमच्या मुलाला पारखणार असतील, त्यांचं मत विचारात घ्यायचं कारण मला दिसत नाही.

मला काळजी दुसरी आहे, आणि ती तुम्ही मुलाच्या कानावर घाला. अशा प्रसंगात समोर एक मुलगी असते, तीही बहुतेक वेळा त्याच्यासारखीच नवी. हात धरायचा, केस ओढायचे, तोंड दाबायचं, यातलं काहीही कॅमेरा चालू झाल्यावर 'ओघात' करायचं नाही. आधी तिला विचारायचं, फाइट मास्टरसमोर सावकाश तालीम करायची, आणि ती "एवढंच" म्हणाली की तेवढंच. पहिल्या कामाच्या उत्साहात मुलं हे विसरतात आणि मनगटावर वळ उठतात. कट झाल्यावर तिला पाणी विचारणारा खलनायक पुन्हा बोलावला जातो, हेही त्याला सांगा.

आणि संहिता मिळाली की त्याने स्वतःला विचारावं, हा माणूस काय करणार नाही? तो आईशी खोटं बोलणार नाही, की कुत्र्याला दगड मारणार नाही, की देणं बुडवणार नाही? एक गोष्ट सापडली तरी पुरे. तिथून तो माणूस उभा राहील. नुसता वाईट माणूस करायला गेला तर प्रेक्षकांना तो लांबचा वाटेल, आणि मुलीचा पाठलाग करणारा माणूस प्रत्यक्षात लांबचा नसतो. शेजारचा असतो, ओळखीचा असतो. पाहणाऱ्या मुलींना ते कळायला हवं.

मी कलिनाला नाट्यशास्त्र शिकते. तुमचा कबुलीजबाब एका टेकमध्ये झाला का? आणि तुम्ही रडला का नाहीत? (सांताक्रूझ)

अखंड एका शॉटचं काम टीव्हीवर विरळाच. 'सीआयडी'ने २००४ मध्ये १११ मिनिटांचा अख्खा भाग एका शॉटमध्ये केला होता, पण तो विक्रमासाठी, आणि त्यामागे तालमी होत्या. आमच्याकडे नेहमीसारखंच झालं. आधी मास्टर, मग नियमित कलाकारांचे क्लोज, मग पाहुण्यांचे. माझा क्लोज लागला तेव्हा रात्र झाली होती. ज्याच्यासमोर कबुली द्यायची तो इन्स्पेक्टर दुसऱ्या युनिटला निघून गेला होता आणि कॅमेऱ्याशेजारी उभी राहून सहायक दिग्दर्शिका त्याची वाक्यं वाचत होती. तुझं काय होणार आहे ते आत्ताच सांगते: पाहुण्या खलनायकाचा सगळ्यात मोठा प्रसंग बहुतेकदा असाच, दमलेल्या युनिटसमोर, नजर कुठे ठेवायची ते कळावं म्हणून कुणाच्या तरी मुठीवर चिकटवलेल्या टेपकडे बघत करायचा असतो. म्हणून सकाळपासून ताकद राखून ठेवायची. मास्टरमध्ये सगळं ओतलंस तर क्लोजला हाती काही उरत नाही.

त्या सहायक दिग्दर्शिकेला मी एकच विनंती केली की सपाट वाच, भाव घालू नकोस. तिने फार छान साथ दिली.

रडण्याचं म्हणशील, तर संहितेत 'फूटफूटकर रोती है' असं लिहिलेलं होतं. मी रडून पाहिलं. एक टेक तसाही आहे. पण बोलता बोलता लक्षात आलं की या बाईची खोली वाचली नाही, आता रडून ती कुणाकडून काय मिळवणार? ती हिशेब सांगावा तशी सांगते. किती वाजता तो आला, काय म्हणाला, मिसळणाचा डबा कसा लाथेने उडवला. डब्याला लाथ मारली, इथे तिचा आवाज फक्त एकदा चढतो. दिग्दर्शकांनी दोन्ही टेक संकलनाला पाठवले आणि तिथे न रडलेला निवडला गेला. तुझ्या वर्गात दोन्ही तऱ्हांनी करून बघ, आणि मित्रमैत्रिणींना मोबाइलवर चित्रित करायला सांग. आरशात हे कळत नाही.

वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये ऑडिशन दिली. खलनायिकेच्या मैत्रिणीचं काम पक्कं आहे, पण आधी "कार्डासाठी" पैसे भरा म्हणतात. भरू का? (ठाणे)

नाही. काम देणारा कलाकाराला पैसे देतो, घेत नाही. ऑडिशनला, लुक टेस्टला, 'नाव पुढे पाठवायला' कुणी पैसे मागितले की तिथून उठायचं. संघटनेचं सभासदत्व घ्यायचं असेल तर सिंटाच्या, म्हणजे सिनेमा-टीव्ही कलाकारांच्या संघटनेच्या, कार्यालयात स्वतः जाऊन, पावती घेऊन. काम मिळालं की मानधन, तारखा आणि पैसे कधी मिळणार ते लेखी माग. आपल्याकडे काम झाल्यावर नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत आहे आणि १० टक्के टीडीएस कापतात, तेव्हा पॅन कार्ड आणि बिलाची प्रत जपून ठेव. आणि त्या माणसाचा फोन पुन्हा आला तर एकटीने बोलू नकोस, आई किंवा बाबांकडे फोन दे.